लाल चौकट

आज सकाळी स्पिरिटचा बोळा बोटावर दाबला आणि त्या वासासरशी सदाशिव पेठेतला तो दवाखाना आठवला. हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी बाबांना घरच्या घरी साखर तपासायचं यंत्र आणून दिलं होतं. रोज आकडा वहीत लिहून ते मला फोनवर सांगायचे आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरवर भरायचो. साखर वाढलेली असली की चौकट लाल व्हायची. शेजारी ‘का वाढली?’ असा रकाना होता. “लिही, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी,” जन्मभर मास्तरकी केलेले बाबा हौसेने सांगायचे. पुढे सगळ्या चौकटी पांढऱ्या राहू लागल्या आणि मी बाबांचं कौतुक करत सुटलो. त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा त्या दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्रात साठलेले आकडे काढून वहीशी ताडून पाहिले. वहीत एकशे वीस, यंत्रात तीनशे दहा. “यंत्र खोटं बोलत नाही, सर,” डॉक्टर कोरडेपणाने म्हणाले. बाबा मान खाली घालून बसले होते. “अहो, लाल दिसलं की याचा आवाजच उतरतो,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “मग दिवसभर याला काम सुचत नाही.” आधी अंगठा गेला, मग पाय, आणि वर्षाच्या आत बाबा. आता माझ्या यंत्रातला आकडा थेट मुलीच्या फोनवर जातो. आज दोनशे नव्वद आला. लगेच तिचा फोन आला. “बाबा...” एवढंच ती म्हणाली, उतरलेल्या आवाजात, आणि मला ती वही हवीशी वाटली.