वीतभर काच

पार्टिशनवाले मिस्त्री कामाला वाघ, पण स्वतःच्या कामाचं कौतुक सांगायला बसले की समोरच्याची सुटका नाही. त्या कौतुकात पहिला नंबर जुन्या ऑफिसातल्या प्लायवूडच्या भिंतीचा. आणि नशीब बघा, ती इमारत पुन्हा मूळ रूपात आणायचं ठरलं, तेव्हा ती भिंत उतरवायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं!

इमारत सिमेंट-काचेची, सरळ रेषांची, नक्षी म्हणाल तर नावालाही नाही. दुसऱ्या मजल्यावर एकच लांबलचक हॉल आणि त्याच्या एका बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी. सगळ्यांना सारखा उजेड मिळावा म्हणून बांधणाऱ्यानं तसा हॉल काढला होता. पुढे साहेब लोकांना केबिनी हव्याशा वाटायला लागल्या. तेव्हा ऐन तारुण्यातल्या मिस्त्रींनी खिडकीलगत भिंत उभी केली. उजेड केबिनीत गेला आणि टायपिस्ट मुली भरदिवसा ट्यूबलाइटखाली आल्या.

त्यातली एक फटकळ. तुम्ही माझी खिडकी खाल्लीत, असं तिनं तोंडावर सुनावलं. मिस्त्रींना ते असं काही लागलं, की त्यांनी तिच्या टेबलासमोरची भिंत कापून तिथे वीतभर काच बसवली. साहेबांनी विचारलं तर बेधडक ठोकून दिलं, प्लायवूड कमी पडलं! पुढे तिच्याशीच लग्न झालं. आजही घरात ते तिला टायपिस्टबाई म्हणतात, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी काचेची गोष्ट येते.

आता काम बघणारी आर्किटेक्ट वयानं त्यांच्या लेकीएवढी, पण समंजस. मिस्त्रींनी तिलाही गोष्ट ऐकवलीच. सगळं उतरवतो, पण काचेची तेवढी फळी राहू द्या, असं अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. तिला पटलं. इमारत बांधल्यावर इथे राबलेली माणसंही इमारतीच्या इतिहासातच येतात, म्हणाली. मात्र गोष्ट काकूंचीही आहे, तेव्हा त्यांना एकदा विचारून घ्या. मिस्त्रींना हसू आलं. त्यात विचारायचं काय?

बाकीची भिंत उतरल्यावर ते बायकोला मोठ्या थाटात घेऊन आले. हॉल उन्हानं भरला होता. मधे ती एकटी फळी उभी होती आणि तिची सावली मागच्या रांगेतल्या एका जागेवर पडली होती. टायपिस्टबाई काचेकडे न बघता त्या सावलीकडेच बघत राहिल्या.

"अहो, काढा ती फळी."

मिस्त्रींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

"तुम्ही मला उजेड दिलात, त्याची मला किंमत आहे," त्या म्हणाल्या. "पण एकटीलाच दिलात. माझ्या मागे चष्मेवाली बसायची, आठवते? आम्ही एका डब्यात जेवायचो. काच बसली आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तुम्ही गोष्ट सुरू केलीत की मला तीच आठवते."

आजवर मिस्त्री गोष्ट रंगवत होते आणि बायको मुकाट्यानं चहा ओतत होती. तिचा तो लाजरेपणा, असं ते धरून चालले होते! घाई नाही काका, आर्किटेक्ट हळूच म्हणाली. पण मिस्त्रींनी पेचकस केव्हाच हातात घेतला होता. एक स्क्रू गंजून बसला होता, तो काही केल्या सुटेना. शेवटी त्यांनी तो कापून काढला आणि फळी काचेसकट उतरवून बाजूला ठेवली.

मग त्यांनी एक स्टूल पुसलं आणि टायपिस्टबाईंच्या जुन्या जागेवर मांडलं. बाईंनी ते उचललं, मागच्या रांगेत नेलं आणि चष्मेवालीच्या जागेवर बसल्या. ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. त्यांनी दोन्ही हात त्यात धरले.

"इथपर्यंत येतं बघा," त्या म्हणाल्या. "आता पाहुण्यांना ही गोष्ट सांगा."