मावशीचं ‘बॉइल्ड’

‘बॉइल्ड’ म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. बेचव, पाणचट, आजाऱ्याचं खाणं! नेमकं ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला तेच लिहून दिलं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात माझ्या मावशीचं राज्य, म्हणून तिला म्हटलं, "गुपचूप थोडं तळून पाठव की."

ती उखडलीच. "नाक मुरडायचं ते जेवून झाल्यावर मुरड!"

ताट आलं. फरसबी हिरवीगार, गाजर दाताखाली कुरकुरणारं, बटाटा लोण्यासारखा. मावशी सगळ्या भाज्या एकदम कधीच टाकत नाही. पाणी खळखळलं की एकेक भाजी सोडते आणि ती शिजेपर्यंत तिथून हलत नाही, फोन वाजला तरी नाही. पहिलं ताट स्वतः जेवते. पटलं नाही तर नव्यानं पातेलं चढवते.

मी बरा होऊन घरी आलो. आता काहीही खायची मुभा होती. बायकोनं हौसेनं विचारलं, "आज काय करू?"

"भाज्या बॉइल कर."

तिनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावला आणि तडक मावशीला फोन लावला.

मावशीनं उचलला नाही. भाजी पाण्यात असणार.