जिभेखालची गोळी

माझ्या नणंदेचं, शोभाचं लग्न एका गोळीने जमवलं.

गोळी तिळापेक्षा जराशी मोठी, पांढरी. बाटलीवरचं नाव इंग्रजीत, त्यामुळे मला ते आजपर्यंत वाचता आलेलं नाही. पण देव्हाऱ्यासमोर हात जोडताना तिची आठवण हटकून येते, कारण ती बाटली आमच्याकडे देव्हाऱ्यातच असायची!

गोळी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी ही बाटली दिली आणि मला समोर बसवून समजावलं. (मी मान खाली घालून ऐकलं. डॉक्टरांचं तोंड कसं होतं विचाराल तर सांगता येणार नाही. चपला काळ्या होत्या.)

"हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या आखडल्या की छातीत कळ येते. ही गोळी नळ्या सैल करते. गिळली तर वाटेत लिव्हरच बरीचशी खाऊन टाकतं, म्हणून जिभेखाली ठेवायची. तिथून थेट रक्तात! छातीला हात, कपाळाला घाम दिसला की द्यायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, चावायचं नाही. आणि बसवून ठेवायचं."

मी थक्क झाले. जिभेच्या खालून हृदयाकडे जाणारी अशी चोरवाट आपल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे, आणि आपण तिथे सुपारी धरून बसतो!

वर डॉक्टर हसून म्हणाले, "डोंगरात सुरुंग लावतात ना? त्याच घराण्यातलं औषध आहे हे."

झालं! घरी येताना मी बाटली दोन्ही हातांत धरून असं पाऊल टाकत होते की वाटेतल्या भाजीवालीने विचारलं, "पाय मुरगळला काय गं?" स्टोव्हपासून लांब, पोरांपासून लांब, अशी शोधत शोधत जागा निघाली ती देव्हाऱ्याची. मामंजींना मी घराण्याचं सांगितलं मात्र, त्या दिवसापासून ते नमस्कारसुद्धा लांबून करू लागले.

आता शोभाचं. तिची दोन स्थळं मोडली होती, आणि दोन्ही मामंजींच्या तोंडाने. पहिल्या मुलाला ते म्हणाले, "पगार एवढोसो, आणि मिशी एवढी?" दुसऱ्या वेळी मुलीचं कौतुक करायला गेले. "आमची शोभा रागावली काय दोन-दोन दिवस जेवणा नाय. तुमचो तांदूळ वाचतलो!" ती माणसं तांदळाचा विचार न करता निघून गेली.

तिसरं स्थळ चेंबूरचं. मुलगा शोभाला मनापासून आवडला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी ती मोरीत भांडी घासता घासता मला म्हणाली, "वहिनी, या वेळी बाबांनी घोटाळा केला ना, तर मी परत कुणासमोर बसणार नाही. बघच तू." भांडं घासून घासून तिने त्याची कल्हई काढली.

नेमकी ह्यांची दुसरी पाळी, रजा मिळेना. म्हणजे बोलणी करायला घरात पुरुष एकच. मामंजी!

"तुमी तोंड उघडूचा नाय हां!" सासूबाईंनी दम भरला. "आणि दुखण्याचा नाव काढूचा नाय."

"मग मी थंय बसान काय करू? माश्यो मारू?"

"मारा! पण गप ऱ्हवान मारा!"

संकष्टी होती म्हणून मी साबुदाण्याची खिचडी केली. मिरच्या मोठ्या चिरल्या, उपासाला रंग दिसावा म्हणून. (ही अक्कल माझी!) मुलगा, त्याची आई आणि मामा बाहेर बसले. मामा बोलणारे.

"तर बघा, मुलाला एक स्कूटर..."

मामंजींनी उत्तरासाठी भला मोठा श्वास घेतला, आणि तोंडातली मिरची श्वासाबरोबर आत गेली! खोकत खोकत ते स्वयंपाकघरात शिरले. छातीला हात! कपाळाला घाम! डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी तस्संच!

मी देव्हाऱ्यावर झडप घातली.

"पा... पा..." मामंजी तांब्याकडे बोट दाखवत होते.

"जीभ वर करा!" मी म्हणाले. सासऱ्यांशी मान वर करून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. गोळी ठेवली. "आता बोलायचं नाही. लक्षात आहे ना, सुरुंग!"

त्यांचे डोळे पांढरे झाले. ओठ घट्ट मिटून ते बाहेर जाऊन बसले.

"तर स्कूटर," मामा म्हणाले.

मामंजी गप्प. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. नळ्या सैल होत असाव्यात, कारण मामंजींचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत चालला. एवढ्याशा गोळीने एवढ्या मोठ्या माणसाला रंग दिला! मी पदर तोंडात धरला.

मामांनी तो रंग पाहिला. "बरं, स्कूटरचं राहू द्या. सायकल चालेल."

मामंजींचं डोकं ठणकायला लागलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि मामांकडे एकटक पाहिलं.

"सायकल तरी कशाला? रस्त्यांची काय ती हालत! पण लग्न दोन दिवसांचं, आणि आमची पन्नास माणसं..."

गोळी एव्हाना कधीच विरघळली असणार. पण तोंड उघडायची मामंजींची छाती होईना. पाणी प्यावं म्हणून ते ताडकन उठले. तेव्हा मला आठवलं, बसवून ठेवायचं! मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं! मामंजी लालबुंद, डोळे फिरलेले, झोकांडी खाऊन थेट मामांच्या अंगावर झुकले.

"बसा! बसा, साहेब!" मामा भिंतीला चिकटले. "मुलगी आणि नारळ! बस्स! आमचं काहीच मागणं नाही!"

मामंजी धपकन खाली बसले. सासूबाईंनी त्याच क्षणी साखर बाहेर पाठवली. आत शोभा माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मला एकच भीती, मामंजी आता बोलतील.

ते बोलले, पण पाहुणे जिना उतरल्यावर. "माका पाणी व्हया होता! मिरची अडाकली होती, मिरची! आणि हिना माझ्या तोंडात सुरुंग घातल्यान!"

डॉक्टरांनी त्यांना तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि मग मला झापलं. "ठसक्याला हार्टची गोळी? अहो, रक्तदाब उतरून पडले असते म्हणजे?" मी चपलांकडे बघत मान हलवली.

शोभा सुखात आहे. पुढे त्या मामांच्या स्वतःच्या मुलीची बैठक ठरली, तेव्हा ते मुद्दाम घाटकोपरला येऊन मामंजींना घेऊन गेले. "तुम्ही काही बोलू नका. नुसते येऊन बसा."

बोलणाऱ्याला गप्प करून घर तारणारी गोळी मी डोळ्यांनी पाहिली. मग मनात आलं, माझ्यासारख्या गप्प बाईला बोलती करणारीही एखादी असेलच की! डॉक्टरांना विचारायचं ठरवून, वाक्य पाठ करून गेले. बराच वेळ त्यांच्यासमोर बसले. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार होतं. आले तशीच परत!