उजवीकडे झिजलेला चमचा

मामांकडे जेवायला बसलं की आधी चमचा यायचा, मग त्या चमच्याची कुंडली आणि सर्वांत शेवटी सूप, तेही निवलेलं. नव्या पाहुण्याला वाटायचं, काय आपला मान ठेवताहेत. आम्हा घरच्यांना माहीत असायचं की आता सुटका नाही.

"तुझ्या हातातला तुझ्या पणजीच्याही आधीचा आहे," मामा सांगायचे. "पण म्हणून जपूनबिपून धरू नकोस. जेव नीट त्याने."

"घरात माणसं दोन आणि चमचे ढीगभर," मामी आतून म्हणायची. "एक दिवस तेच टेबलाशी बसतील आणि आम्ही दोघं वाढत राहू."

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. खिडकीला लागून जेवायचं टेबल आणि भिंतीशी एक जुनं कपाट. कपाटाचे वरचे तीन खण लोकरी कापड अंथरून चांदीसाठी राखलेले होते: एकात चमचे, एकात काटे, एकात सुऱ्या. मामामामींचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत. चांदी सगळी स्टर्लिंगची, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि उरलेलं तांबं, कारण निव्वळ चांदी मऊ असते आणि घास घेताघेताच वाकते. दांड्याच्या मागे खऱ्याखोट्याची खूण म्हणून बारीक ठसे असायचे. ते बघायला मामा घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावत. मुलाम्याची वस्तू निघाली तर काही न बोलता परत ठेवून देत.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की मामा मोठे सरदार होते. ते बस डेपोत टायर विभागात होते. गाडी आत आली की खाली बसायचं, टायरवर तळवा फिरवायचा आणि निकाल द्यायचा. आतल्या बाजूने झिजलंय, चाकाचा कोन बिघडलाय. मधोमध झिजलंय, हवा जास्त भरली जातेय. जागोजागी झिजलंय, हा ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो. ड्रायव्हर मंडळी त्यांना टरकून असत, कारण टायर खोटं बोलत नाही आणि मामाही बोलत नसत.

चमच्यांचं वेड त्यांना जुन्या बाजारात लागलं. गेले होते नट आवळायचे पाने बघायला. एका डब्यात, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या खाली, काळाकुट्ट पडलेला एक चमचा होता. सवयीप्रमाणे अंगठा फिरवला तर टोक एका बाजूने तिरकं झिजलेलं. झालं. तिथपासून दर आठवड्याला मामा त्या बाजारात आणि मामी कपाळाला हात लावून घरात. शौकीन लोकांना लागतो तो पेटीतला संपूर्ण संच, कधी ओठाला न लागलेला. मामांना हवं असायचं ते त्या लोकांनी बाजूला टाकलेलं: जोडी हरवलेले काटे, परक्याच कुणाची तरी अक्षरं कोरलेले चमचे, झिजून कड पातळ झालेले. ते अगदी किरकोळीत मिळत.

आणि आणलेलं सगळं वापरायचं, हा घरचा कायदा होता. चांदी रोज वापरात असली की उजळ राहते, कुलपात ठेवली की काळी पडते, हे वाक्य मी त्या टेबलावर इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. एकदा मामीने मोठ्या कौतुकाने काट्यांच्या जुड्या बांधून त्यांना रबरबँड लावले. रबराने प्रत्येक दांड्यावर काळा पट्टा उमटवला, तो काही केल्या जाईना.

"रबरात गंधक असतं," मामा म्हणाले.

"माझ्या डोक्यात त्याहून जास्त आहे," मामी म्हणाली. त्यानंतर बराच काळ अबोला होता आणि मधल्या काळात आम्ही स्टीलच्या चमच्यांनी जेवलो.

झिजेबद्दल मामांचं म्हणणं सोपं होतं. बहुतेक माणसं उजव्या हाताने जेवतात. ताटलीचा तळ खरवडताना चमच्याच्या टोकाची डावी बाजू घासली जाते, आणि एक माणूस आयुष्यभर एकाच चमच्याने जेवला की ते टोक डावीकडे तिरकं होतं. मामांच्या खणातले सगळे जुने चमचे असेच होते. माणसं गेली, घरं गेली, नावांची नुसती अक्षरं उरली, पण सगळी उजव्या हाताने जेवली होती.

आमचं मामांकडचं जेवण रविवारी असायचं, पण एकदा मधल्याच वारी मामा माझ्याकडे आले. चपला न काढताच त्यांनी माझ्या टेबलावर दोन चमचे ठेवले.

"बघ."

मी बघितलं. एक नेहमीसारखा. दुसऱ्याचं टोक उजवीकडे झिजलेलं, तेही चांगलं पातळ होईपर्यंत.

"डावखुरा," मामा म्हणाले. "एवढं झिजायला उभा जन्म लागतो."

"एकाच माणसाने झिजवलाय कशावरून? दोन असतील."

"दोन असतील तर आणखी चांगलं." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे त्या घरात कुणी आडवं आलं नाही."

एवढं बोलून त्यांनी चमचे खिशात घातले आणि चहाही न घेता गेले. मला काही उमगलं नाही. मी आईला फोन केला. आई मामांची धाकटी बहीण. तिने सांगितलं की मामा जन्माचे डावखुरे. आजोबा जेवणाच्या वेळी त्यांचा डावा हात पंचाने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवायचे. मामा उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला शिकेपर्यंत रोज. "रडायचा नाही तो," आई म्हणाली. "मीच रडायचे." डेपोतली माणसं मामांना 'डावरे' का म्हणत, तेही तेव्हा कळलं. मला ते उगाच पडलेलं टोपणनाव वाटायचं. टायर सोडवायची लोखंडी पहार मामा डाव्या हाताने मारायचे आणि त्यांच्या हाताएवढा जोर सगळ्या विभागात कुणाच्या हातात नव्हता. फक्त ताटाशी आणि कागदाशी तो हात मांडीवर पडून असायचा.

त्या चमच्याने मामा कधी जेवले नाहीत. "वापरा, वापरा" म्हणून जगाच्या मागे लागणारा माणूस, पण हा एक चमचा मऊ कापडात गुंडाळून खणाच्या मागच्या कोपऱ्यात. काळा पडला की पुसायचा आणि परत ठेवायचा.

मग चिमणी झाली. चिमणी म्हणजे मामांची नात, माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची मुलगी. तिला हातात वस्तू धरता येऊ लागली तशी ती डाव्या हातात धरू लागली. ती स्वतःच्या हाताने जेवायला लागली त्या आठवड्यात मामांनी खणाचा मागचा कोपरा रिकामा केला. "हा तुझा," एवढंच म्हणाले. बाकी कुणाला काही सांगितलं नाही, दादालाही नाही.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. विम्याच्या कचेरीत काम करतो, त्यामुळे पुढे काय काय बिघडू शकतं याचा विचार त्याच्या अंगात भिनलेला आहे. चिमणी चमचा डाव्या हातात घ्यायची आणि दादा तो काढून तिच्या उजव्या हातात द्यायचा. ओरडायचा नाही, रागवायचा नाही. बोलता बोलता, पाण्याचा पेला सरकवावा तसा चमचा इकडून तिकडे. जेवण संपेपर्यंत असं कितीदा तरी चालायचं. चिमणी हल्ली आधी त्याच्याकडे बघायची आणि मग चमचा उचलायची.

"पुढच्या वर्षी शाळा," दादा म्हणायचा. "तिथे कात्रीपासून बाकापर्यंत सगळं उजव्या हाताचं. हिने का झगडत बसायचं? आत्ताच वळण लागलं की सुटली. बाबांचंही लहानपणी बदललंच की. काही बिघडलं का त्यांचं?"

हे तो मामांच्या समोर म्हणायचा, आणि सगळे मामांकडे बघायचे. वहिनीही बघायची, तिला हे पटत नव्हतं, पण तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. मामा ताटलीत बघायचे आणि जेवत राहायचे. उजव्या हाताने, व्यवस्थित, एक थेंब न सांडता. दादाला याहून चांगला पुरावा कुठून मिळणार होता? मला मामांचा भयंकर राग यायचा. भर डेपोत साहेबाला तोंडावर खोटं पाडणारा माणूस पोटच्या पोरापुढे असा मूग गिळून बसतो, हे मला बघवत नसे.

मामांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. मामीने सूप केलं होतं आणि निवू नये म्हणून झाकून ठेवलं होतं, कारण आज कुंडल्या लांबणार हे तिला ठाऊक होतं. दादाने वडिलांसमोर एक लहान पेटी ठेवली. आत मखमल, आणि मखमलीवर एक लखलखीत चमचा. आरशासारखा. दिव्याचं प्रतिबिंब त्यात स्वच्छ दिसत होतं.

मामांनी तो उचलला, उलटा करून ठसे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. मग टोकावर अंगठा फिरवला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"चिमणीचाच आहे, ओळखला ना?" दादा खुशीत म्हणाला. "तुमच्या सगळ्या चमच्यांत हा एकच वाकडा राहिला होता. चांगला पॉलिशवाला शोधला, बाबा. त्याने दोन्ही बाजू घासून टोक अगदी बरोबर करून दिलं. बघा, आता कळतं का कुठे झिजला होता ते?"

नव्हतं कळत. टोक आखून काढल्यासारखं सारखं होतं. खणातले बाकीचे सगळे चमचे डावीकडे वाकडे होते, पण ते दादाला सरळच दिसत असणार. मी मामांकडे बघू शकले नाही. कुणाच्या तरी उभ्या जन्माची ती एक खूण उरली होती, ती दादाने प्रेमाने पुसून आणली होती, आणि भांडायला जागाही ठेवली नव्हती.

"छान केलंस," मामा म्हणाले.

मामीने सूप वाढलं. चिमणीपुढे आज साधाच चमचा होता. तिने तो डाव्या हातात घेतला. दादा वहिनीशी काहीतरी बोलत होता. बोलता बोलताच त्याचा हात पुढे झाला आणि चमचा इकडून तिकडे गेला. चिमणी उजव्या हाताने सूप ढवळत बसली.

मामांनी आपला उजवा हात टेबलाखाली मांडीवर ठेवला. पेटीतला चमचा डाव्या हातात घेतला आणि वाडग्यात बुडवला.

हात कापत होता. लोखंडी पहार मारणारा तो हात, आणि चमचाभर सूप त्याला उचलवेना. पहिलं अर्धं वाडग्यातच परत सांडलं. दुसरं हनुवटीवर गेलं आणि तिथून नव्या शर्टावर. मामांनी तिसऱ्यांदा चमचा भरला.

"बाबा, काय करताय हे?" दादा म्हणाला. "त्या हाताने कशाला?"

मामांनी चमचा खाली ठेवला. शर्ट पुसला नाही.

"तू नेहमी विचारतोस ना, काही बिघडलं का म्हणून." त्यांनी डावा हात टेबलावर दादाच्या पुढ्यात ठेवला. तो अजून कापत होता. "हे बिघडलं. जेवायला बसलो की याला अजून वाटतं, कुणीतरी बांधायला येणार."

दादा त्या हाताकडे बघत राहिला. आजोबांचा पंचा त्याला माहीत नव्हता. 'बदललं' एवढंच त्याने ऐकलं होतं. मामीला माहीत होतं की नाही कोण जाणे. ती पदराने मामांची हनुवटी पुसायला लागली आणि पुसतच राहिली. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

चिमणीला यातलं काही समजलं नाही. तिला एवढंच दिसलं की आजोबांना नीट जेवता येत नाहीये. तिने स्वतःचा चमचा डाव्या हातात घेतला, या वेळी वडिलांकडे न बघता. "असं धरायचं, आजोबा," ती म्हणाली आणि सूप पिऊन दाखवलं.

दादाचा हात टेबलावर होता. तो तिथेच राहिला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. चिमणी शाळेत डाव्या हाताने लिहिते आणि तिची कात्री दादाने कुठून तरी शोधून आणली आहे. मामा उजव्याच हाताने जेवतात. या वयात नवीन काही नको, म्हणतात. पेटी मामीने बटणं ठेवायला घेतली. चमचा चिमणीकडे परत गेला आणि रविवारी ती तो बरोबर घेऊन येते.

जेवण झालं की मामा तो धुतात आणि टोकाच्या उजव्या बाजूवर अंगठा फिरवतात.

"अजून काही नाही," ते म्हणतात.

"एवढ्यात कुठलं?" मामी म्हणते. "पोरीला जेवू तर द्या."

"मला नाही दिसायचं ते," मामा म्हणतात, आणि चमचा पुसून चिमणीच्या डाव्या हातात देतात.