मेहुण्याच्या उरलेल्या गोळ्या

आमच्या मंत्रालयात नवीन टिपण सहसा कोणी लिहीत नसे. जुनी फाईल काढायची, नाव बदलायचं, खाली ‘पूर्वीप्रमाणे’ ठोकायचं, झालं. या कलेत माझा हात धरणारा या हिंदी मुलखाच्या अख्ख्या नव्या राजधानीत कोणी नव्हता. म्हणून महिनाभर खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू राहिला, तेव्हा स्वतःचं प्रकरणही मी तसंच निकाली काढलं. बीरगांवच्या मेहुण्याला टीबी झाला होता. बरं वाटताच त्याने गोळ्या सोडल्या होत्या. उरलेल्या त्याने मोठ्या मनाने मला दिल्या. आजार तोच, औषध तेच!

तीन आठवडे गिळल्या. खोकला तसाच, लघवी मात्र केशरी झाली. त्यालाच मी गुण समजलो.

घरात दोन महिन्यांची लेक. बायको तिला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दारातूनच म्हणाली, “दवाखान्यात जाता, का मी पोट्टीले घेऊन नागपूरले जाऊ?”

गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “भैया, साले की चप्पल भी पहनते हो क्या?”

“कधी कधी,” मी खरं सांगितलं. “नंबर एकच आहे.”

बेडका तपासायला कोपऱ्यातल्या एका यंत्रात गेला. दिसायला आमच्या कॅन्टीनच्या कॉफी मशीनसारखं. पण जंतूची जनुकं वाचणारं. दोनेक तासांत त्याने सांगितलं: टीबी आहे, आणि मेहुण्याच्या गोळ्यांतल्या मुख्य औषधाला हा जंतू भीक घालत नाही. जुन्या पद्धतीने हे कळायला महिना-दोन महिने गेले असते, आणि तोवर मी भक्तिभावाने केशरी होत राहिलो असतो.

मग खास माझ्या जंतूसाठी निवडलेली औषधं सुरू झाली. मळमळ, पायांना मुंग्या, तोंडाला सदा लोखंडाची चव. बायको आणि लेक तपासणीत निरोगी निघाल्या. मेहुण्यालाही बायकोने दटावून यंत्रापुढे नेलं.

माझ्या तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या, तेव्हा गोळ्या अजून चालूच होत्या; पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अब बिटिया को गोद में लो.”

घेतली. इतके महिने मी लांब राहिल्यामुळे ती मला परका माणूस समजत होती. तिने असं भोकाड पसरलं की शेजारी धावले. “द्या इकडे, घाबरून राहिली ना ती!” बायको म्हणाली. मी कसला देतो! तशीच रडती लेक खांद्यावर घेतली आणि तेलीबांध्याच्या तळ्याला पूर्ण फेरी मारली, एकदाही न खोकता.