खिडकीतली यागोदा

रंगमंचावर बाळ रडायला हवं असलं की पडद्यामागून ते मीच रडायचे. राण्या रंगवल्या, विधवा रंगवल्या, पण त्या रडण्याला मात्र कधी टाळी मिळाली नाही. त्या सरावामुळेच भिंतीपलीकडून यागोदाचा तान्हा वुकान रडू लागला तेव्हा माझ्या कानांनी लगेच ओळखलं, हे भुकेचं रडणं नव्हे, दुखण्याचं आहे.

यागोदा तिसा नदीपलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली पोर. नवरा डॅन्यूबवर मालाच्या बोटीवर, घरात सासू देसांका. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही आणि बाळ तर नाहीच नाही. मग यागोदा खिडकीतूनच सल्ला गोळा करायची. पाववालीला विचारायची, पोस्टमनलाही सोडायची नाही.

"मावशी, रडून रडून निळा पडतो हो. काय करू?"

"कोबी खाल्लास का?"

"कोबी, वाटाणा, दूध, सगळं सोडलं. आता नुसती हवा खाते. तीही कुठाय? खिडकी उघडली की आई ओरडतात, वारं लागेल म्हणून."

आतून देसांकाचा आवाज आलाच. "नटीला काय विचारतेस? तिनं लाकडी बाहुलीशिवाय काय जोजवलंय? मला विचार. माझा नेनाद तान्हेपणीच देवाकडे गेला, पण एक रात्र त्रास दिला नाही त्यानं. कसा शांत झोपायचा!"

देसांका वाईट नव्हती. मी आजारी पडले की तिचंच सूप माझ्या दारात यायचं. पण घरोघर फिरणारी परिचारिका आली की दार तीच उघडायची. "छान आहे बाळ, नजर नको लावूस," म्हणायची आणि कॉफी पाजून तिला वाटेला लावायची. यागोदाचे प्रश्न तोंडातच राहायचे.

एका सकाळी भिंतीपलीकडे सामसूम. यागोदा खिडकीत आली, केस विंचरलेले, गाल लाल.

"मावशी, झोपला! रात्रभर झोपला. दूध प्यायलाही उठला नाही."

"कधीपासून प्यायला नाही गं?"

"काल संध्याकाळ..." ती आत पळाली.

"आई, ह्याला काय पाजलंत?"

"काही नाही गं, खसखशीच्या बोंडांचा काढा, दोन चमचे. सगळ्याच पाजत आलोय आम्ही."

"डोळे उघडत नाहीये हा!"

"कुठे निघालीस? चाळीस दिवस व्हायचेत अजून. काही झालं म्हणजे?"

"आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

घरातल्या सपाता घालूनच ती रस्त्यावर आली. मी मागे धावले. बाजाराचा दिवस होता. बाळंतीण रस्त्यावर आलेली पाहून बायका टोपल्या खाली ठेवून छातीवर क्रूस काढत होत्या. यागोदाला त्या दिसतच नव्हत्या. ती बाळाचे तळवे चोळत, त्याचं नाव घेत चालली होती. एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी एकाही प्रयोगात पाहिली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, नळी लावली. "अफूच ही," एवढंच म्हणाल्या. दुपार कलल्यावर वुकान रडला, आणि यागोदा भिंतीला टेकून जमिनीवर बसली ती उठेचना.

देसांका दारात उभी होती, कधी आली कळलं नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ह्या काढ्यानं श्वास झोपेतच थांबतो का हो?"

"थांबू शकतो."

"आवाज न करता?"

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. देसांकानं डोक्यावरचा काळा रुमाल पुढे ओढून घेतला आणि आत न येताच परत फिरली. त्यानंतर तिच्या तोंडून नेनादचं नाव मी ऐकलं नाही. परसातली खसखस मात्र तिनं त्याच संध्याकाळी उपटली.

यागोदा आता स्वतः आजी आहे. पोरी रडकी बाळं घेऊन तिच्या दारातल्या बाकावर येतात. ती आधी विचारते, "काय पाजलंय?" मग चप्पल घालून त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाते. सासूला तिनं त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. पण तेव्हा, दवाखान्यातून घरी आल्यावर, वुकान रडायला लागला की त्याला ती देसांकाच्या मांडीवर ठेवायची. देसांका त्याला गप्प करायची नाही. नुसती ऐकत बसायची.