ठाण्याहून येणारी पोच

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. अजून कायम झाले नव्हते. दिवसभराच्या ऑर्डरी संध्याकाळी मोडेमवरून ठाण्याला, खोपटच्या हेड ऑफिसला पाठवायच्या. तिथे त्या घेणारा प्रोग्राम तिथल्या कॉम्प्युटरच्या साहेबांनी स्वतः लिहिलेला. त्याची टिमकी ते इतकी वाजवत की चहावाल्यालाही तो पाठ झाला असावा.

पुढे ऑर्डरी वाटेत गळायला लागल्या. खापर अर्थातच माझ्या डोक्यावर. "डोंबिवलीची बाई पाठवायलाच विसरते," असं साहेबांनी मालकांना सांगितलं. आणखी एक ऑर्डर गळाली तर घरी बसा, असा मला दम मिळाला. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं पोचलेलं दिसे.

एका संध्याकाळी पाठवायला अकाउंटंटना बसवलं आणि मी खोपटला जाऊन स्क्रीनसमोर ठाण मांडलं. ऑर्डरींचे नंबर घातलेले तुकडे, म्हणजे पॅकेटं, एकामागून एक येऊ लागली. तेवढ्यात शेजारच्या केबिनमध्ये साहेबांनी, घरी भाजी कुठली आणू विचारायला, त्याच लाइनवरचा फोन उचलला. तीन नंबरचं पॅकेट वाटेतच गळालं.

एवढ्याने काही बिघडायला नको. एकेका पोचीसाठी अडून न बसता काही पॅकेटं सलग पाठवायची, हीच तर पद्धत. पण "आता पाच पाठवा" अशी पोच म्हणजे चारपर्यंतची सगळी मिळाली. ती आली की पाठवणारं मशीन मागची पॅकेटं सोडून देतं आणि पुढे सरकतं. इथे तीन आलंच नव्हतं, तर तीनच मागत राहायला हवं होतं. साहेबांच्या प्रोग्रामला चार मिळालं, आणि त्याने खुशाल पाच मागितलं.

"साहेब, तीन आलं नाही."

"अगं, चार आलं ना? आलं त्याची पोच दिली. त्यात काय चुकलं?"

"डोंबिवलीच्या मशीनला वाटतं, तीनपण मिळालं. ते परत पाठवतच नाही."

"मग तू सगळं दोनदा पाठवत जा!"

धन्य ती अक्कल! दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. कुणाला चकार शब्दाने सांगितलं नाही. ऑर्डरी गळायच्या थांबल्या. मग माझ्यादेखत ते मालकांना म्हणाले, "बाईंना जरा शिस्त लावली मी. आता चुका करत नाहीत. कायम करायला हरकत नाही."

मी कायम झाले. नोकरी हवी होती, म्हणून केबिनमध्ये जाऊन त्या माणसाला "थँक्यू सर" म्हणाले. त्या थँक्यूचा मला आजही संताप येतो.